वजा केलेला काळोख

१

घरात कॅमेऱ्यांची खोकी आली की त्याची बायको म्हणायची, "आले पाहुणे." एका परीने पाहुणेच ते. महिनाभर राहायचे आणि आपल्याच थर्मोकोलमध्ये बसून परत जायचे. तो एका मासिकासाठी कॅमेऱ्यांच्या परीक्षा घ्यायचा. त्याच्या वाचकांना खरं म्हणजे एकच गोष्ट जाणून घ्यायची असे, ती म्हणजे कमी उजेडात कुठला कॅमेरा बरा. लख्ख उन्हात काय, कुठलाही कॅमेरा फोटो काढतो. खरी परीक्षा मिणमिणत्या दिव्यात. आंधळ्याने एक डोळा मागावा आणि कंपन्यांनी दोन द्यावेत, असं गेली काही वर्षं चाललं होतं. यंदा पाच कॅमेरे आले होते.

परीक्षेची खोली म्हणजे अण्णांची जुनी डार्करूम. अण्णा त्याचे वडील. त्यांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला होता आणि फिल्म धुवायचं काम ते घरीच करत. घराच्या मागच्या बाजूला सहा बाय नऊची ती खोली. खिडकी नाही, भिंती काळ्या, कोपऱ्यात औषधांचे डाग पडलेलं सिंक. दाराच्या फटींना अण्णांनी स्वतः काळ्या लोकरी कापडाच्या पट्ट्या ठोकल्या होत्या. दार लावून दिवा बंद केला की भर दुपारी डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नसे.

मधल्या टेबलावर ठरलेल्या वस्तू: रंगीत दोऱ्यांची रिळं, लोकरीचा गुंडा, जुन्या नकाशाचं एक पान. शेजारी लाकडी खुर्ची आणि खुर्चीत अण्णा. लोक शेवटी माणसांचे फोटो काढतात, रिळांचे नाही, म्हणून माणूस हवाच. पाच सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा पाच सेकंद उघडा असला, की तेवढा वेळ हलायचं नाही.

"चाळीस वर्षं लोकांना 'हलू नका' म्हणत आलो," अण्णा म्हणायचे, "आता भोगा म्हणावं."

पण बसायचे मात्र झकास. हनुवटी वर, उजवा खांदा किंचित खाली, हात मांडीवर. पाहून कळावं की या माणसाला फोटोला कसं बसायचं ते ठाऊक आहे.

त्यांची एक सवय काही केल्या सुटली नव्हती. डार्करूममध्ये शिरण्याआधी ते दार वाजवायचे. एक ठोका जोरात, मग जरा थांबून दोन हलके. आत फिल्म उघडी असताना कोणी दार उघडलं तर सगळं मुसळ केरात, म्हणून घरात तो नियमच होता. आतून एक ठोका आला तर 'ये', दोन आले तर 'थांब'. त्याची आई जेवायला बोलवायची तीसुद्धा दार वाजवूनच. पुढे फिल्म गेली, आईही गेली. अण्णा मात्र रिकाम्या खोलीचं दार वाजवत, मान कलती करून क्षणभर ऐकत आणि मगच आत जात.

दुसरी गोष्ट नवी होती. ज्या माणसाचं निम्मं आयुष्य काळोखात गेलं, त्याला गेल्या सहा महिन्यांपासून काळोख चालेनासा झाला होता. रात्रभर खोलीत दिवा हवा. झोप नाही, जेवण नाही, सदरा खांद्यावरून ओघळायला लागलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "झोप नाही झाली तर हृदय किती दिवस ओढेल? दिवा बंद करा, जाड पडदे लावा. हट्ट पुरवू नका."

म्हणून तो रोज, अण्णांचा डोळा लागला की, चोरपावलांनी जाऊन दिवा बंद करायचा. त्याच्या लहानपणी अण्णा हेच करायचे. "दिवा असताना खोलीत जे असतं, तेच अंधारात असतं," असं म्हणून बटण दाबायचे. आता तो अण्णांना तेच वाक्य ऐकवत होता आणि ऐकवताना त्याला आपलंच हसू यायचं.

२

चूक झाली ती एका झाकणावरून.

प्रत्येक कॅमेऱ्याचा स्वतःचा एक खोटेपणा असतो. समोर काही नसलं तरी त्याला काहीतरी दिसतं, कुठे लाल ठिपका, कुठे दाण्यांचा पुंजका. तो खोटेपणा काढायची पद्धत सोपी आहे. लेन्सवर झाकण लावायचं, तितक्याच सेकंदांचा एक निव्वळ काळा फोटो घ्यायचा आणि खऱ्या फोटोतून तो काळा फोटो वजा करायचा. कॅमेऱ्याने पदरचं जे घातलं असेल ते निघून जातं. उरतं ते खरं.

त्या दुपारी अण्णांचे पाचही कॅमेऱ्यांनी फोटो काढून झाले आणि झाकणं ठेवलेली पिशवी सापडेना. त्याने टेबलाखाली पाहिलं, सिंकमध्ये पाहिलं, बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "तुझ्या वस्तूंना मी हातसुद्धा लावत नाही." हे अर्धंच खरं होतं.

मग त्याला वाटलं, झाकण कशाला हवं? ही खोलीच एक मोठं झाकण आहे. दिवा बंद केला की झालं.

"अण्णा, दहा मिनिटं दिवा बंद करतोय."

अण्णा खुर्चीतून इतक्या चटकन उठले की खुर्ची कलंडली. "मला आधी बाहेर जाऊ दे," ते म्हणाले.

"अहो, मी आहे ना इथे."

"तू आहेस रे. ते माहीत आहे मला."

ते बाहेर गेले. त्याने खुर्ची सरळ केली आणि दिवा बंद करून एकेका कॅमेऱ्याचं बटण दाबलं. काळोखात पाचदा तो पाच-पाच सेकंद उभा राहिला. खोलीत तो होता, तोही कॅमेऱ्यांच्या मागे. समोर रिकामी खुर्ची होती. बाहेर येऊन त्याने रुमालासाठी खिशात हात घातला, तर झाकणांची पिशवी हाताला लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. असो, आता काम झालंच होतं.

३

वजाबाकी संगणक करतो. माणसाने फक्त चहा प्यायचा.

पहिल्या कॅमेऱ्याच्या फोटोत अण्णांच्या मागे भिंतीवर एक डाग दिसला. भिंत काळीच, पण हा डाग तिच्याहून काळा होता. असेल काहीतरी, म्हणून त्याने दुसरा फोटो उघडला. तिथेही तो डाग. तिसऱ्यात त्याला कडा आल्या. पाचव्यात, जो सगळ्यात नवा कॅमेरा होता आणि ज्याला पहिला क्रमांक द्यायचं त्याने मनात जवळपास ठरवलं होतं, त्यात डागाला खांदे होते.

खुर्चीच्या मागे माणसाएवढं भोक पडलं होतं. लांबट, वाकलेलं. खुर्चीच्या पाठीवर, अण्णांच्या मानेच्या दोन्ही बाजूंना, बोटांएवढ्या आठ काळ्या रेघा होत्या.

तो मनाने घाबरट नव्हता. त्याने हिशेब मांडला. फोटोत भोक पडलं म्हणजे काळ्या फोटोत त्या जागी काहीतरी होतं, तेच वजा झालं. म्हणजे दाराच्या फटीतून उजेड आला असणार. त्याने पाचवा काळा फोटो उघडला आणि उजळत नेला.

उजेड आत आला असता तर तो टेबलावर पडला असता, रिळांवर पडला असता. टेबल दिसत नव्हतं. खुर्ची दिसत नव्हती. संपूर्ण काळ्या चौकटीत फक्त ते होतं, करड्या दाण्यांचं, खुर्ची असेल तिथे वाकून उभं राहिलेलं. रिकाम्या खुर्चीमागे ते कोणाची तरी वाट पाहत असावं, असं त्याला वाटलं. मग असं वाटल्याचा त्याला राग आला आणि त्याने संगणक बंद केला.

४

अण्णा व्हरांड्यात उन्हात बसले होते. हल्ली ते ऊन हलेल तशी खुर्ची हलवायचे.

"अण्णा, तुम्हाला अंधारात नक्की काय होतं?"

त्यांनी मान वर केली. "फोटोत आलं का काही?"

"कॅमेऱ्याचा दोष आहे."

"पाचही कॅमेऱ्यांचा?"

अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मी दार का वाजवतो, ठाऊक आहे?"

"सवय आहे तुमची."

"सवय खरी. पण तुझी आई गेल्यावर एकदा असाच वाजवून उभा राहिलो. घरात कोणी नव्हतं. आतून दोन ठोके आले." ते चष्मा पुसतच होते. "मी थांबलो. थांब म्हटल्यावर दार उघडायचं नाही, हा नियम मीच केलेला. त्या दिवशी आत गेलोच नाही. सहा महिने झाले."

"मग हल्ली माझ्याबरोबर कसे जाता?"

"आत दिवा असतो. तूही असतोस." अण्णा हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "अरे, मला म्हाताऱ्याला वेड लागलं असं समज हवं तर. पण माझ्या खोलीतला दिवा नको बंद करत जाऊ. मी जागाच असतो. तू चोरपावलांनी येतोस ते मला कळतं. तुला वाईट वाटू नये म्हणून डोळे मिटून पडतो."

सहा महिने तो रोज त्यांना त्या काळोखात टाकून आला होता आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

"नाही करणार," तो म्हणाला. "शब्द देतो."

५

शब्द दिला, तरी बुद्धी गप्प बसेना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने परीक्षा नीट घ्यायची ठरवली. आधी झाकण लावून काळा फोटो घेतला. स्वच्छ. चार-दोन ठिपके, बाकी काही नाही. म्हणजे कॅमेरा खोटं बोलत नव्हता. हे कळून बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

मग झाकण काढलं, पाचवा कॅमेरा ट्रायपॉडवर खुर्चीसमोर लावला, दर मिनिटाला एक असे चार फोटो निघतील अशी व्यवस्था केली, दिवा बंद केला आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी दिवा लावून कॅमेरा बाहेर आणला आणि मागच्या पडद्यावर फोटो उजळून पाहिले.

पहिल्यात ते खुर्चीच्या मागे होतं. दुसऱ्यात त्याची मान वळलेली होती. तिसऱ्यात ते डाव्या भिंतीला टेकलं होतं, अगदी चिकटून, आणि त्याचा एक खांदा दिसत नव्हता.

चौथ्यात काही नव्हतं.

डाव्या भिंतीच्या पलीकडे अण्णांची खोली होती.

बायको समोरून येत होती, ओठांवर बोट ठेवून. "हळू," ती कुजबुजली. "एकदाचा डोळा लागलाय त्यांचा. मी पडदे ओढले आणि दिवा बंद केला."

आदल्या दिवशीचा शब्द त्याने तिला सांगितलाच नव्हता. काय म्हणून सांगणार होता?

तो धावला. अण्णांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. नुसता हात लावला असता तरी उघडलं असतं. पण हातात कॅमेरा, डोक्यात डार्करूम, आणि लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्याने दार वाजवलं. एक जोरात, दोन हलके.

आतून दोन ठोके आले.

अण्णांचा पलंग पलीकडच्या भिंतीशी होता. ठोके मात्र दाराच्या फळीवरच पडले होते, त्याच्या तोंडासमोर. हे सगळं त्याला कळलं आणि तरीही तो थांबला. पुढे त्याने स्वतःला हजारदा विचारलं की का थांबलास. उत्तर एकच होतं, थांब म्हटलं की थांबायचं असतं. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नसतं. मग आतून एक ठोका आला.

त्याने दार ढकललं, दिवा लावला. अण्णा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते.

"काय रे?" ते म्हणाले. "मस्त झोप लागली होती."

६

त्यानंतर घराचं रूपच पालटलं. अण्णा जेवायला लागले, गालांवर मांस आलं. रात्री नऊला ते स्वतःच दिवा बंद करत. डॉक्टरांनी तपासून त्याच्या पाठीवर थाप मारली. बायको म्हणाली, "बघ, उगीच हट्ट पुरवत होतास." त्यालाही आनंद झाला, अगदी मनापासून झाला. चौथ्या फोटोत काही नव्हतं, मग नव्हतंच, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

अहवाल द्यायची तारीख जवळ आली. पुन्हा एकदा अण्णांना बसवून फोटो घेणं भाग होतं. त्याने विचारलं, तर ते लगेच उठले. बोळातून चालत गेले, दार उघडलं आणि आत शिरले.

दार न वाजवता.

तो बोळात होता तिथेच उभा राहिला. "येतोस ना?" आतून आवाज आला. आत दिवासुद्धा लागलेला नव्हता. त्याने चाचपडत बटण दाबलं, तेव्हा अण्णा खुर्चीत नीट बसलेले होते, हनुवटी वर. पाच सेकंदांत त्यांची पापणी लवली नाही. खांदे दोन्ही सारखे होते.

ते बाहेर गेल्यावर त्याने दार आतून लावलं, दिवा बंद केला आणि दाराशी लावलेल्या त्याच कॅमेऱ्यांनी काळे फोटो घेतले. झाकण आता खिशातच होतं आणि ते तिथेच राहू दिलं. हे आपण का करतोय, असं त्याने स्वतःला विचारलं नाही.

संगणकाने वजाबाकी केली. टेबल आलं, रिळं आली, लोकरीचा धागा न् धागा आला. खुर्चीत अण्णांच्या जागी भोक होतं. अण्णांएवढंच, फक्त उजवा खांदा किंचित खाली असलेलं.

मग त्याने काळे फोटो उजळले. पहिल्यात करड्या दाण्यांचं कोणीतरी खुर्चीत बसलं होतं. हनुवटी वर, हात मांडीवर. फोटोला कसं बसायचं हे ठाऊक असलेलं. दुसऱ्यात ते उठून भिंत चाचपत होतं. तिसऱ्यात ते दाराकडे आलं होतं, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. चेहरा चौकटीबाहेर गेला होता. दिसत होता तो वर उचललेला हात आणि ठोका द्यायला वाकवलेलं मधलं बोट.

त्या बोटाच्या पेरावर औषधाने भाजल्याची जुनी खूण होती. लहानपणी तो तिथे फुंकर घालायचा.

७

संध्याकाळ होती. बायको बाहेर गेली होती. अण्णा बाहेरच्या खोलीत दिवा न लावता बसले होते. तो संगणकासमोर बसला होता, तेवढ्यात बोळाच्या टोकाकडून आवाज आला.

एक जोरात. जरा थांबून दोन हलके.

तो डार्करूमच्या दारापाशी गेला. आवाज आतूनच येत होता. पुन्हा आला, तितकाच संथ, तितकाच सभ्य. तो ठोका त्याने हजारो वेळा ऐकला होता. त्याला रडू फुटलं. दार त्याच्या समोर होतं, त्याला बाहेरून कडीसुद्धा नव्हती. आतला माणूस ते ढकलून येऊ शकला असता. पण तो विचारल्याशिवाय यायचा नाही. उत्तर द्यायचं होतं, फक्त एक ठोका. त्याने बोट वाकवून हात वर नेला.

खांद्यावर मागून हात पडला. पावलं वाजली नव्हती.

"आत कोणी नाही," अण्णांचा आवाज म्हणाला, अगदी मायेने. "दिवा असताना जे असतं, तेच अंधारात असतं. विसरलास?"

हात गार नव्हता, जड नव्हता. नुसता तिथे होता, मानेशी, आणि त्याची बोटं हळूहळू खुर्चीची पाठ धरावी तशी घट्ट होत होती. आतून पुन्हा ठोके आले. एक. दोन हलके.

"थांब म्हणून सांग त्याला," मागचा आवाज म्हणाला.

त्याला वळून पाहायचं नव्हतं. जन्मात कशाची वाटली नव्हती एवढी भीती त्याला त्या वळण्याची वाटली. हात दाराशी होता. त्याने एकदा ठोकलं. मानेवरची बोटं थांबली, वाट पाहू लागली.

त्याने दुसऱ्यांदा ठोकलं.

आतली टकटक लगेच बंद झाली. दाराच्या पलीकडे कोणीतरी एक पाऊल मागे सरकल्यासारखं वाटलं. मग खुर्ची किंचित करकरली. अण्णा नियमाचे पक्के होते. थांब म्हटलं की थांबायचे.

अहवाल वेळेवर गेला. कमी उजेडासाठी त्याने पाचव्या कॅमेऱ्याला पहिला क्रमांक दिला. डार्करूममध्ये तो आता दिवसरात्र दिवा लावून ठेवतो. बायको वीज वाया जाते म्हणून कुरकुरते आणि रोज रात्री नऊ वाजता अण्णा बोळातून जाऊन तो बंद करतात.